फाईल, किल्ली आणि परवानगी: सिरोंच्यात बसून सिनेमा ‘आपला’ कधी होतो?

१४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक झाले आणि जिओहॉटस्टार नावाचं नवं अॅप आलं. त्याच वर्षी १७ जूनपासून अॅमेझॉन प्राइम व्हिडिओने भारतात सिनेमाच्या मध्ये जाहिराती दाखवायला सुरुवात केली. वर्षाचे पैसे भरलेल्यांनाही त्या दिसतात. नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये किंवा महिन्याला १२९ रुपये मोजा. पैसे आधी घेतले आणि सौदा नंतर बदलला, असं हे झालं.

अशा बातम्या आल्या की शहरात एक जुनी चर्चा पुन्हा सुरू होते. डिस्क विकत घेऊन कपाटात ठेवलेली बरी, की स्ट्रीमिंगवर विसंबलेलं बरं? बहुतेक वेळा ही चर्चा ब्लू-रेचं चित्र किती सुंदर दिसतं इथे जाऊन थांबते. मला हा प्रश्न गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिरोंचा तालुक्यातून बघायचाय. माझं घर तिकडचं, नोकरी शहरातली, काम सॉफ्टवेअरचं. सिरोंच्यात ब्लू-रे प्लेअर शोधून सापडणार नाही, पण प्रत्येक मोबाईलच्या दुकानात कार्ड रीडर मात्र आहे. स्ट्रीमिंगची सगळी गृहीतकं इथे एकेक करून तपासता येतात.

आधी थोडं गणित

सिरोंचा प्राणहितेच्या काठावर आहे. थोडं खाली गेलं की प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पलीकडे तेलंगणातलं कालेश्वरम. जिल्ह्याचं ठिकाण असलेलं गडचिरोली इथून दोनशे किलोमीटरच्या वर. त्यामुळे दवाखाना, मोठी खरेदी यासाठी बरेच लोक मंचेरियाल, करीमनगर, वरंगल गाठतात. घरात तेलुगू, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी आणि आतल्या गावांत माडिया-गोंडी, असा इथला भाषांचा संसार आहे.

गावात फोरजी आहे. पण रेंज ‘असणं’ आणि अडीच तासांचा सिनेमा न अडकता दिसणं यात फरक आहे. तालुक्याच्या गावातून आत जंगलाकडे गेलं की हा फरक वाढत जातो. सरकारलाही हे माहीत आहे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नक्षलग्रस्त भागातल्या २,३४३ टूजी टॉवरना फोरजी करायला मंजुरी दिली. जुलै २०२२ मध्ये देशभरातल्या, नेटवर्क न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. नेमक्या त्याच जुलै महिन्यात गोदावरी-प्राणहितेला महापूर आला आणि सिरोंचा तालुक्यातली कित्येक गावं रिकामी करावी लागली. पूर आला की वीज जाते, वीज गेली की टॉवरची बॅटरी संपते आणि बॅटरी संपली की रेंज जाते. टॉवर उभा राहिला म्हणजे हा प्रश्न सुटला, असं होत नाही.

आता डेटाचा हिशेब बघा. नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार साध्या दर्जाच्या चित्राला तासाला १ जीबीपर्यंत आणि एचडीला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. म्हणजे अडीच तासांचा तेलुगू सिनेमा साध्या दर्जात अडीच जीबी, एचडीत साडेसात जीबी. मोबाईलवर डेटा सेव्हर लावला तर बराच कमी लागतो, पण चित्र धूसर होतं आणि घरातल्या चौघांनी एकत्र बघण्यासारखं राहत नाही. रोज दीड जीबीचा पॅक मारणाऱ्याचा डेटा मध्यंतराच्या थोडा पुढे संपतो. त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने १ जीबी उतरवायला जवळपास ३५ तास लागतात.

आता हेच काम उलट बाजूने करू. एखाद्याने गडचिरोलीत ६४ जीबीचं मेमरी कार्ड भरलं, खिशात टाकलं आणि एसटीत बसून सात तासांनी सिरोंच्यात उतरला. या ‘कनेक्शन’चा वेग किती? ६४ जीबी म्हणजे ५,१२,००० मेगाबिट. सात तास म्हणजे २५,२०० सेकंद. भागाकार केला की उत्तर येतं साधारण २० एमबीपीएस! रस्त्यातल्या खड्ड्यांसकट.

हा निव्वळ विनोद समजू नका. मोठ्या कंपन्याही हेच करतात. अॅमेझॉनच्या क्लाऊड विभागाने २०१६ मध्ये स्नोमोबाईल नावाचा एक अख्खा ट्रक आणला होता. ग्राहकाचा १०० पेटाबाइटपर्यंतचा डेटा त्यात भरायचा आणि ट्रक चालवत डेटा सेंटरला न्यायचा, कारण इंटरनेटवरून तो पाठवायला वर्षं लागली असती. क्यूबात इंटरनेट महाग आणि तुटपुंजं, म्हणून तिथे ‘साप्ताहिक पॅकेट’ नावाची पद्धत रुजली. दर आठवड्याला साधारण १ टेराबाइट सिनेमे, मालिका, बातम्या, अॅप हार्ड डिस्कवर भरून हातोहात देशभर पोहोचवले जातात. आपल्याकडचं ‘कार्ड भरून देणं’ याच जातीचं आहे.

फाईल, किल्ली, परवानगी

मूळ मुद्दा समजायला थोडं आत शिरावं लागेल. कुठलाही डिजिटल सिनेमा किंवा गाणं बघायला तीन गोष्टी लागतात.

पहिली फाईल. म्हणजे प्रत्यक्ष डेटा, ते शून्य आणि एक. दुसरी किल्ली. फाईल कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असेल तर ती उघडायला लागणारा आकडा. तिसरी परवानगी. कोणी, कुठल्या फोनवर, किती दिवस, कुठल्या देशात बघायचं याचे नियम.

‘हे माझं आहे का’ असा प्रश्न पडला की या तिन्हींतलं काय तुमच्या हातात आहे एवढंच तपासायचं.

ऑडिओ सीडीत फाईल तुमच्याकडे असते, कुलूप नसतंच आणि परवानगी विचारायला कोणी येत नाही. डीव्हीडीच्या फाईलला कुलूप असतं, पण ते उघडायची सोय प्लेअरमध्येच असते. डिस्क घाला, सिनेमा सुरू. ती बनवणारी कंपनी बुडाली तरी सिनेमा चालतो. शेजाऱ्याला दोन दिवस बघायला दिली म्हणून कुठे नोंद होत नाही.

स्ट्रीमिंगमध्ये तिन्ही गोष्टी कंपनीच्या सर्व्हरवर असतात. तुम्ही ‘प्ले’ दाबलं की अॅप सर्व्हरला विचारतं, “या ग्राहकाचे पैसे भरलेत का? हा सिनेमा आज या देशात दाखवायचा हक्क आपल्याकडे आहे का? फोन भरवशाचा आहे का?” तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तरच किल्ली मिळते.

“पण अॅपमध्ये डाऊनलोडचं बटण असतं की!” असतं. खरी गंमत तिथेच आहे. ते बटण दाबलं की फाईल तुमच्या फोनमध्ये येते, जागा तुमची खाते, डेटा तुमचा जातो. पण ती कुलूपबंद असते आणि किल्लीसोबत मुदत चिकटवलेली असते. नेटफ्लिक्सवर काही सिनेमे डाऊनलोड करून एकदा सुरू केले की ४८ तासांत संपवावे लागतात. स्पॉटिफायवर डाऊनलोड केलेली गाणी चालू ठेवायची तर ३० दिवसांतून एकदा तरी फोन ऑनलाइन न्यावा लागतो. शहरात हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण फोन कायम ऑनलाइनच असतो. आतल्या गावात पावसाळ्याचे काही आठवडे रेंजशिवाय गेले, तर पैसे भरून डाऊनलोड केलेली गाणी फोनमध्ये असूनही बंद पडतात. ज्या माणसाला ऑफलाइनची सोय सगळ्यात जास्त लागते, त्यालाच ती सगळ्यात आधी दगा देते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. अँड्रॉइडवर हे कुलूप बहुतेक वेळा वाइडवाइन नावाच्या गूगलच्या तंत्राचं असतं. त्याचे स्तर असतात. एल-वन स्तरात किल्ली फोनच्या चिपमधल्या सुरक्षित भागात उघडते, तर एल-थ्री स्तरात ती नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. एल-थ्रीवर बऱ्याच कंपन्या एचडी देतच नाहीत. स्वस्त फोनमध्ये अनेकदा हाच स्तर मिळतो. म्हणजे एचडीचा प्लॅन भरला तरी स्वस्त फोनवाल्याला साधं चित्र. तुमच्याकडे कुठला स्तर आहे हे डीआरएम इन्फोसारख्या मोफत अॅपमध्ये दिसतं. वरचा प्लॅन घेण्याआधी एकदा बघा.

परवानगी काढून घेतली की

परवानगी दुसऱ्याच्या हातात असली म्हणून बिघडतं कुठे? काही उदाहरणं बघू.

जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’ ही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, असं कारण होतं. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पण घरात येऊन कपाटातलं पुस्तक उचलून नेता येतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं की त्यांनी ‘विकत घेतलेले’ डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेरीस दिसेनासे होतील. ओरड झाल्यावर निर्णय मागे घेतला आणि ते किमान ३० महिने राहतील असं सांगितलं. विकत घेतलेल्या वस्तूला ३० महिन्यांचं आयुष्य, तेही आरडाओरडा केल्यावर.

मे २०२३ मध्ये डिस्नेने ‘विलो’ ही स्वतःचीच मालिका स्वतःच्याच सेवेवरून काढली. ती येऊन सहा-सात महिनेच झाले होते आणि तिची डिस्क कधी निघालीच नव्हती.

आपल्याकडे ३१ मार्च २०२३ नंतर एचबीओच्या मालिका हॉटस्टारवरून गेल्या, मग जिओसिनेमावर आल्या, आणि आता ते दोन्ही अॅप एकच झालेत. मालिका फिरून जवळपास होत्या तिथेच आल्या, मधल्या काळात बघणाऱ्याने मात्र दोन ठिकाणी पैसे भरले. जानेवारी २०२४ मध्ये ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ सिनेमा वादानंतर नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला, येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. त्याच महिन्याच्या शेवटी रेसो हे गाण्यांचं अॅप भारतात बंद झालं. तिथे जमवलेल्या याद्या होत्या, गाण्यांची प्रत कोणाकडेच नव्हती.

ऑगस्ट २०२५ मध्ये तर आणखी वेगळं घडलं. २०१३ च्या ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती एआयने शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित केली गेली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष दोघांनीही जाहीर विरोध केला, पण हक्क कंपनीकडे होते. ते प्रदर्शन थिएटरातलं होतं हे खरं. पण उद्या एखाद्या सर्व्हरवरची फाईल अशी बदलली, तर जुना शेवट कसा होता हे दाखवायला कोणाकडे तरी २०१३ ची डिस्क असावी लागेल.

डिस्क गेल्या कुठे?

“मग डिस्कच घेऊ” म्हणावं, तर ती मिळायची ठिकाणं आटली. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्या. मूळ प्रतीची किंमत पायरेटेड प्रतीजवळ आली तर लोक मूळ घेतात, हे त्या काळी तालुक्या-तालुक्यात दिसलं. आठवडी बाजारात गुळगुळीत छापील कव्हरची अस्सल डिस्क मिळायची. पुढे धंदाच बदलला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. मुंबईच्या काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्येच बंद झालं होतं. अमेरिकेत नेटफ्लिक्सने ज्या टपालाच्या डीव्हीडींवर सुरुवात केली, तीच सेवा २९ सप्टेंबर २०२३ ला थांबवली.

डिस्क गेली, तिची जागा सिरोंच्यासारख्या ठिकाणी स्ट्रीमिंगने घेतली नाही. ती घेतली मेमरी कार्डाने. दुकानदार ठरावीक पैसे घेऊन कार्डात सिनेमे आणि गाणी भरून देतो. १ जीबीचा सिनेमा कॉपी व्हायला मिनिट-सव्वा मिनिट. हे बेकायदा आहे, याबद्दल गोलमोल बोलण्यात अर्थ नाही. त्यातला एक रुपयाही सिनेमा करणाऱ्याला मिळत नाही. पण ग्राहकाच्या बाजूने बघा. फाईल त्याच्या हातात, कुलूप नाही, परवानगी विचारणारं कोणी नाही, रेंज लागत नाही, गावातल्या दहा जणांना एकत्र दाखवता येतं. कायदेशीर बाजारात या सोयींची वस्तू त्याला कोणी विकतच नाही. एका घराला तेलुगूसाठी एक अॅप, हिंदीसाठी दुसरं, मराठीसाठी तिसरं घ्यावं लागतं. तिन्हींचे पैसे भरूनही पुराच्या आठवड्यात हातात काहीच नसतं.

लोक पैसे द्यायला तयारच नसतात, असं म्हणणाऱ्यांनी कारवाँ आठवावा. सारेगामाने २०१७ मध्ये ५,००० गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा डबा बाजारात आणला. किंमत हजारांत, तरी खपला. पुढे मराठी कारवाँही आला. इंटरनेट नको, अॅप नको, बटण दाबा आणि ऐका. फाईल, किल्ली, परवानगी तिन्ही त्या डब्यात. लोकांनी त्यासाठी आनंदाने पैसे मोजले.

जे कधी स्ट्रीमिंगवर नव्हतंच

इथपर्यंत आपण मोठ्या कंपन्यांच्या सिनेमांबद्दल बोललो. ते कुठे ना कुठे मिळतातच. सिरोंच्यात खरा प्रश्न यापुढे सुरू होतो.

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून जास्त लोक होते. तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. स्ट्रीमिंग अॅपच्या भाषांच्या यादीत गोंडी किंवा माडिया शोधून बघा. रेला नाचाची गाणी, लग्नातली गाणी, म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी मग कुठे आहेत? कोणाच्या तरी फोनमध्ये, कोणाच्या तरी कार्डात, लग्नाच्या शूटिंगच्या जुन्या डीव्हीडीवर, फार तर एखाद्या तरुणाच्या यूट्यूब चॅनेलवर.

नदीपलीकडच्या बस्तरमध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सीजीनेट स्वर सुरू केलं. साध्या फोनवरून नंबर लावायचा, आपल्या भाषेत बातमी, तक्रार किंवा गाणं रेकॉर्ड करायचं आणि इतरांनी ते फोनवरच ऐकायचं. पुढे त्यातूनच ‘बुल्टू रेडिओ’ आला. बुल्टू म्हणजे ब्लूटूथ. जिथे नेट आहे तिथे कोणीतरी कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि बाजारात, गावात फोनवरून फोनवर द्यायचा. नेटवर्क नसलेल्या भागात गोंडी आवाज असा पोहोचला.

या आवाजांच्या बाबतीत मोठ्या कंपनीचा निर्णय वगैरे दूरची गोष्ट झाली. इथे बहुतेकदा एकच प्रत असते. फोन पाण्यात पडला, कार्ड करप्ट झालं, चॅनेल चालवणाऱ्याचा पासवर्ड हरवला की ते गाणं संपलं. ‘रांझणा’चा जुना शेवट जगात हजारो डिस्कवर असेल. झिंगानूरकडच्या एखाद्या आजीच्या आवाजातलं गाणं मात्र एकाच ३२ जीबीच्या कार्डात असू शकतं.

प्रत हातात आहे, पण जपली आहे का?

म्हणून हातातल्या प्रतीचे गोडवे गातानाच तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मराठी सिनेमाचाच इतिहास घ्या. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच आज उपलब्ध आहे. १९३१ चा ‘आलम आरा’, पहिला भारतीय बोलपट, आज कुठेच नाही. एक प्रतही नाही. आज उपलब्ध असलेला सर्वात जुना भारतीय बोलपट म्हणजे प्रभातचा १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, आणि तो मराठीतही बनला होता. एक वाचला, एक गेला. प्रत उरली की नाही, एवढ्याने हा निकाल लागला. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, पी. के. नायर यांनी आयुष्य घालून ते उभं केलं. तरी जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला, त्यात प्रभातच्या फिल्मही होत्या. सगळ्या प्रती एकाच छताखाली असल्या की असं होतं.

मेमरी कार्ड तर आणखी नाजूक. त्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिलं तर तो भार हळूहळू गळतो. घरी राइट केलेल्या सीडी-डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो, ऊन आणि दमट हवा त्याला मारक. त्यातून बाजारात खोट्या क्षमतेची कार्डं येतात. वर ५१२ जीबी छापलेलं, आत खरी जागा ३२ जीबी. कार्डातली चिप फोनला खोटं सांगते. ३२ जीबी भरल्यावर पुढच्या फाईली ‘कॉपी झाल्या’ असं दिसतं, पण त्या कुठेच नसतात किंवा जुन्यांवर लिहिल्या जातात. नवीन कार्ड घेतलं की विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ-थ्री हा मोफत प्रोग्राम चालवा. तो पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतो. तासभर लागेल, पण लग्नाचं शूटिंग वाचेल.

जपण्याचा नियम सोपा आहे: तीन-दोन-एक. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. म्हणजे एक फोनच्या कार्डात, एक हार्ड डिस्कवर, आणि एक गडचिरोलीत शिकणाऱ्या भाचीच्या लॅपटॉपमध्ये किंवा क्लाऊडवर. हो, क्लाऊडही चालेल. क्लाऊड वाईट नाही, एकमेव प्रत क्लाऊडवर असणं वाईट. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, तिन्ही उघडून बघा. फाईल चालत असेल तरच ती प्रत.

मग पैसे कशावर घालायचे?

माझा साधा निकष असा. एकदा बघून विसरायचं असेल, तर स्ट्रीमिंग उत्तम. क्रिकेट, बातम्या, नवी मालिका यांच्या डिस्क कोणी जमवू नयेत. जे पुन्हा पुन्हा लागणार आहे, मुलांना दाखवायचं आहे किंवा शाळेत वापरायचं आहे, ते फाईल आणि किल्ली दोन्ही हातात येतील अशा स्वरूपातच घ्या. आणि जे दुसऱ्या कोणाकडेच नाही, त्याच्या तीन प्रती आजच करा.

दुसऱ्या प्रकारात कायदेशीर पर्याय थोडे आहेत, पण आहेत. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी कलाकाराकडून गाणं घेतलं की कुलूप नसलेली फाईल मिळते. शाळांसाठी किविक्स आहे. त्यात मराठी विकिपीडिया एका फाईलमध्ये उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. एका पेनड्राईव्हमधून आश्रमशाळेतल्या सगळ्या संगणकांवर तो टाकला तर परवानगी विचारायची गरज नाही, कारण त्याचा परवानाच तसा आहे. रेंज येवो न येवो, पोरांचा अभ्यास थांबत नाही.

बाकीचं काम मात्र ग्राहकाच्या हातात नाही. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये एक कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल वस्तूचा फक्त वापर-परवाना देत असाल, तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हा शब्द बटणावर वापरता येत नाही. यातली सवलत लक्षात घ्या. कायमस्वरूपी ऑफलाइन डाऊनलोड देणाऱ्यांना हा नियम लागू नाही. म्हणजे मालकी कशाला म्हणायचं याचं उत्तर कायद्यानेच दिलं: जे नंतर काढून घेता येत नाही ते. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारच्या डिजिटल क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. भाड्याच्या वस्तूवर ‘विकत घ्या’ लिहिणं ही त्यात सहज बसणारी चौदावी क्लृप्ती आहे. डाऊनलोडच्या बटणाखाली ‘ही प्रत इतके दिवस चालेल’ हे मराठीत, ठळक लिहायला लावणंही अवघड नाही.

निर्मात्यांनीही हिशेब करून बघावा. ज्या गावात लोक आजही कार्ड भरून घ्यायला पैसे देतात, तिथे ग्राहक आहे, पैसे आहेत आणि दुकानही आहे. नाही ती फक्त विकायची वस्तू. अधिकृत, कुलूप नसलेली, पन्नास रुपयांची फाईल त्याच दुकानदाराला कमिशन देऊन विकली तर काय होईल? २८ रुपयांच्या व्हीसीडीने याचं उत्तर एकदा दिलेलं आहे.

तोवर आपण करायचं ते इतकंच. पुढच्या वेळी कुठलंही ‘विकत घ्या’ किंवा ‘डाऊनलोड करा’ बटण दाबण्याआधी फोन एरोप्लेन मोडवर टाका आणि मागच्या वेळी घेतलेलं उघडून बघा. उघडलं तर किल्ली निदान आजपुरती तुमच्याकडे आहे. फोन न जोडता महिन्यानेही उघडलं, तर ते तुमचं. नाही उघडलं, तर तुम्ही भाडं भरत होतात.